सात-अष्टमांशाचा नट

गवत कापायच्या यंत्राचं पातं काढायचं, त्याला धार लावायची आणि परत बसवायचं. काम एवढंच होतं. वेंडेल ऑफरमानने सोमवारी सकाळी न्याहारीच्या टेबलावर ते जाहीर केलं तेव्हा त्याच्या बायकोने, लोर्नाने, पॅनकेकवर पाक ओतायचंसुद्धा थांबवलं नाही.

"माणूस बोलाव," ती म्हणाली.

"एका नटासाठी माणूस?"

"मागे एका नळासाठी तू स्वतः उतरला होतास. तळघरातला गालिचा अजून वाळतोय."

वेंडेल विमा कंपनीत होता. लोकांच्या घरी झालेले अपघात तपासायचे आणि चूक कोणाची ते ठरवायचं, हे त्याचं पोटापाण्याचं काम. त्यामुळे स्वतःच्या घरातल्या अपघातात चूक कोणाची हे ठरवायला त्याला क्षणभरही लागत नसे. ती वस्तूची असे. नळ वाईट होता. आता पातं बोथट होतं. गवत कापण्याऐवजी ते चघळून टाकत होतं, आणि मे महिनाभर विस्कॉन्सिनमध्ये पाऊस असा लागला होता की मागच्या अंगणात गवत पोटरीला टेकलं होतं.

शनिवारी ब्रिटाची पार्टी होती. मुलगी शाळा संपवून बाहेर पडली की तिच्या आईबापांनी अंगण उघडं टाकायचं, हॅमचे सँडविच आणि भलाथोरला केक मांडायचा, तिचे दात पडलेले फोटो एका फळ्यावर टोचायचे आणि साऱ्या गावाने येऊन ते बघायचे, ही तिथली रीत. अडचण एकच. त्याच शनिवारी त्या एका रस्त्यावर आणखी चार पार्ट्या होत्या. लोक येतात, केक खातात, पाकीट टेकवतात, "किती मोठी झाली गं!" म्हणतात आणि पाव तासात पुढच्या अंगणात पसार होतात. लोकांनी आपल्याकडे जरा टेकावं, निदान पोटरीभर गवत बघून पळू नये, अशी वेंडेलची इच्छा होती.

आणि आणखी एक होतं, जे त्याने लोर्नालाही सांगितलं नव्हतं. ब्रिटा सप्टेंबरात डुलुथला कॉलेजात जाणार होती. गेल्या अठरा वर्षांत घरात काहीही बिघडलं तरी तिने कधी "बाबा!" अशी हाक मारली नव्हती. ती विचारायची, "कोणाला फोन करायचा?" अगदी प्रेमाने विचारायची, त्यामुळे ते जास्त लागायचं. ती जायच्या आत एकदा तरी आपल्या हातून एखादी वस्तू दुरुस्त व्हावी आणि ती तिने बघावी, एवढं त्याला हवं होतं. माणूस बोलावून हे कसं जमणार?

म्हणून तो हमरस्त्यावरच्या मोठ्या हत्यारांच्या दुकानात गेला आणि सॉकेट पान्यांचा संच घेऊन आला. पेटी उघडली आणि त्याला भरून आलं. चकचकीत सॉकेटं, लहानापासून मोठ्यापर्यंत, शाळेच्या फोटोत पोरं बसवावीत तशी आपापल्या खाचेत बसली होती. एका टोकाला नटावर चढायचं भोक, दुसऱ्या टोकाला दांड्यासाठी चौकोनी भोक. आणि तो दांडा! त्याला रॅचेट म्हणतात. डोक्यात एक दातेरी चाक आणि चाकावर टेकलेला खटका. एकीकडे ओढलं की खटका दातात रुततो आणि नट फिरतो. दांडा मागे आणला की खटका कर्र कर्र करत दातांवरून घसरतो आणि नट जागच्या जागी राहतो. पाना नटावरून काढायलाच नको! डोक्यामागे एक कळ असते. ती एका अंगाला केली तर पाना पिळतो, दुसऱ्या अंगाला केली तर सोडवतो.

सोमवारची संध्याकाळ वेंडेलने टीव्हीसमोर कर्र कर्र करण्यात घालवली.

"ते बंद कर," लोर्ना म्हणाली, "नाहीतर मी तुला बंद करते."

मंगळवारी त्याने यंत्र घरापुढच्या डांबरी वाटेवर आणलं. ते बसून चालवायचं यंत्र होतं, लोर्नाच्या वडिलांचं, जुनं आणि वजनदार. ते मागच्या चाकांवर उभं करतो न करतो तोच हेडी स्पँगलर हजर झाली. व्हिस्परिंग पाइन्स वसाहतीच्या रहिवासी संघाची ती अध्यक्ष. वसाहतीत पाइनचं एकही झाड नव्हतं, पण नियम भरपूर होते.

"वेंडेल, रस्त्यावरून दिसेल अशा जागी वाहनदुरुस्ती चालत नाही."

"हेडीबाई, हे वाहन नाही. गवत कापायचं यंत्र आहे."

"तुम्ही त्याच्यावर बसता ना?"

"बसतो."

"आणि ते चालतं?"

"सध्या नाही."

"म्हणजे बंद पडलेलं वाहन. त्याला वेगळा नियम आहे. तो जास्त कडक आहे." असं म्हणून तिने पर्समधून पट्टी काढली आणि कडेच्या गवतात खोचली. "सहा इंचांपर्यंत परवानगी आहे. हे साडेसात भरतंय. शनिवारी मी येतेच आहे."

"पार्टीला?"

"दोन्हींसाठी," हेडी म्हणाली.

यंत्र ढकलत मागच्या अंगणात नेलं. तिथे गवतात पेटी ठेवायला सपाट जागा कुठून असणार? वेंडेलने ती एका उंचवट्यावर टेकवली, ती कलंडली आणि शाळेचा सगळा वर्ग गवतात सांडला. अर्धा तास तो गुडघ्यांवर रांगत होता. सगळी सॉकेटं मिळाली. दहा मिलिमीटरचं तेवढं मिळालं नाही.

कुंपणापलीकडून शेजारच्या डेल कुबियाकने हातातला बिअरचा डबा हृदयाशी धरला. "दहाचं गेलं? विसर त्याला. माझी तीन गेली. माझ्या भावाची तर मोजदादच नाही. दहाचं हरवलं की कायमचं हरवतं."

डेल बोटी विकायचा. आपल्या आवाजातली खात्री तो बोटीबरोबर फुकट देत असे. तो कुंपण ओलांडून आला, यंत्राच्या पोटाकडे बघितलं आणि मान हलवू लागला. पात्याच्या मधोमध गंजलेला नट होता. वेंडेलने बावीसचं सॉकेट लावलं. चढेना. तेवीसचं लावलं. ते नटाभोवती नुसतं गोल फिरलं.

"तू मिलिमीटर घेऊन बसलायस, वेड्या," डेल म्हणाला. "हे म्हातारं यंत्र इंचातलं आहे. याला सात-अष्टमांश लागेल."

इंच सोडायचा की ठेवायचा हे त्या देशाने कधी पक्कं ठरवलंच नाही, त्यामुळे तिथल्या प्रत्येक सज्जन गृहस्थाला सगळी हत्यारं दोनदा विकत घ्यावी लागतात. वेंडेलने ते मुकाट्याने मान्य केलं. डेलने स्वतःचं सात-अष्टमांश आणून दिलं. पण नटातून आट्यांचा खुंट बोटभर बाहेर आला होता. आखूड सॉकेट त्या खुंटावरच अडकलं, नटापर्यंत पोहोचलंच नाही. खोल सॉकेट हवं होतं. डेलकडे तेही होतं, पण आतून बारा कोनांचं. बारा कोनी सॉकेट चढतं झटकन आणि जोर लावला की घसरतंही झटकन. दोनदा घसरलं, नटाचे कोपरे गुळगुळीत दिसू लागले आणि वेंडेलची बोटं यंत्रावर आपटून सोलवटली. त्याने बोट तोंडात घातलं. खिडकीतून ब्रिटाने विचारलं, "कोणाला फोन करायचा?"

"कोणालाही नाही!" वेंडेल बोटासकट म्हणाला.

पण लोर्नाने तोवर भावाला फोन केलाच होता. गॉर्डी बुधवारी संध्याकाळी सहा कोनी, खोल, काळं, जाड सॉकेट घेऊन आला. ते नटावर असं गच्च बसलं की तिघांनीही सुस्कारा सोडला. आता दांडा लावायचा. लागेना. गॉर्डीच्या सॉकेटचं चौकोनी भोक अर्ध्या इंचाचं आणि वेंडेलच्या रॅचेटचा चौकोनी खुंट तीन-अष्टमांशाचा. गॉर्डीने घरी जाऊन मधला जोड आणला. तो लावला तर हात फिरवताना चाक आड येऊ लागलं. मग लांबवायची एक कांडी मधे घातली. शेवटी रॅचेट, जोड, कांडी आणि सॉकेट अशी वरात नटापर्यंत पोहोचली तेव्हा बुधवार संपत आला होता.

"आता थांब," डेल म्हणाला. "कुठल्या बाजूला फिरवणार?"

"डावीकडे. नट डावीकडेच सुटतो," वेंडेल म्हणाला. एवढं त्यालाही माहीत होतं.

डेलने बिअरचा डबा खाली ठेवला. तो डबा खाली ठेवत असे तेव्हा प्रकरण गंभीर असे. "नीट ऐक. पातं फिरतं, बरोबर? गरगरा फिरतं. साधा नट असता तर फिरता फिरता सुटून उडाला नसता का? तुझ्या पायावर आला नसता का? म्हणून या यंत्रांना उलटे आटे देतात. डावीकडे घट्ट, उजवीकडे सैल. साधं विज्ञान आहे."

गॉर्डीने डोकं खाजवलं. वेंडेलच्या डोळ्यांसमोर आयुष्यभर तपासलेले पाय तरळून गेले. विमेवाल्याला उडालेल्या नटाची गोष्ट सांगितली की तो वाद घालत नाही. त्याने कळ उजव्या अंगाला केली.

त्या कळीचा आवाज नाजूक होता. पुढचे तीन दिवस काय होणार याची त्या आवाजात काही सूचना नव्हती.

गुरुवारी रॅचेटने प्राण सोडला. वेंडेल दांड्यावर दोन्ही पाय ठेवून उभा राहिला होता. आत काहीतरी कडकलं आणि दांडा दोन्ही बाजूंना सारखाच कर्र कर्र करू लागला. खटका तुटला होता. वेंडेल गवतात बसकण मारून उगाच हसू लागला आणि मग त्याला हसू आवरेना. लोर्नाने आतून दार लावून घेतलं.

दुकानात बदलून देण्याच्या काउंटरवर एक कोरड्या चेहऱ्याच्या बाई होत्या. आयुष्यभराची हमी होती, पण हमी आणि माणूस यांच्यामध्ये त्या बसल्या होत्या.

"तुटलं तेव्हा तुम्ही नेमकं काय करत होतात?"

 हा वेंडेलचाच प्रश्न होता. वीस वर्षं तो लोकांना हेच विचारत आला होता.

"नट फिरवत होतो."

"हाताने?"

"बहुतांशी."

"बहुतांशी म्हणजे? पाय लावला होतात?"

"पाय... जवळपास होते," वेंडेल म्हणाला. असली उत्तरं ऐकून तो स्वतः किती माणसांचे दावे फेटाळून मोकळा झाला होता! बाईंनी त्याच्याकडे बघितलं, त्याच्या पट्टी बांधलेल्या बोटांकडे बघितलं आणि नवं रॅचेट काउंटरवर ठेवलं. एवढी दया वेंडेलने कधी कोणावर केली नव्हती. तिथल्या तिथे त्याला फार अपराधी वाटलं.

"रॅचेट जोर लावायला नसतंच, दाजी," शुक्रवारी गॉर्डी म्हणाला. "आत नाजूक दात असतात. ते नट सैल झाल्यावर भराभर फिरवायला. जोराला हा घ्या." त्याने हातभर लांब लोखंडी दांडा काढला. ब्रेकर बार. आत खटका नाही, दात नाही, म्हणून तुटण्यासारखं काही नाही. दांड्यावर डेलने आपल्या बोटीच्या गाडीचा पाइप सरकवला. पाइपला तिघे लोंबकळले. नट उजवीकडे केसभर सरकला.

"सरकला!" डेल ओरडला. "बघितलंत? विज्ञान!"

मग गॉर्डीला हुक्की आली की आपण किती जोर लावतो ते मोजू या. त्याने टॉर्क पाना काढला. त्या पान्यावर आकडा लावून ठेवायचा. तेवढा जोर पडला की तो टक् वाजतो, म्हणजे "पुरे, घट्ट झालं, आता पिळू नकोस" असं सांगतो. गॉर्डीने शेवटचा आकडा लावला. तिघांनी ओढलं. टक् वाजलं. तिघांनी आरोळी ठोकली आणि एकमेकांना मिठ्या मारल्या. पान्याने बिचाऱ्याने खरं तेच सांगितलं होतं, पण ऐकायला कोण होतं?

शनिवार उजाडला. गवत हेडीच्या पट्टीच्याही बाहेर गेलं होतं. यंत्र मागच्या चाकांवर उभंच होतं, त्याला हलवायची कोणाची छाती नव्हती. लोर्नाने त्याच्यावर फुलाफुलांचं टेबलक्लॉथ टाकलं आणि शेजारी लिंबू सरबत मांडलं. "कोणी विचारलं तर तो पुतळा आहे," तिने नवऱ्याला बजावलं. "आणि तू त्याच्याजवळ जायचं नाही."

पहिल्या पाहुण्याने केक घेतला, ब्रिटाच्या पडलेल्या दातांचं कौतुक केलं, निघता निघता सरबत घ्यायला वळला आणि टेबलक्लॉथ उचलून बघितलं.

"नट अडकलाय?" त्याने विचारलं. त्याचे डोळे चमकले होते.

अर्ध्या तासात पंधरावीस पुरुष यंत्राभोवती जमले. कोणी गाडीतून रबरी हातोडा आणला, कोणी गंजावरचं तेल, कोणी कोपऱ्यातून वळणारा सांधा. त्याचा तिथे काही उपयोग नव्हता, पण आणणाऱ्याला तो कधीपासून वापरायचा होता. ज्याला त्याला एक हात मारून बघायचा होता. जो तो उजवीकडे ओढायचा, कारण डेल प्रत्येकाला बोटी विकायच्या आवाजात विज्ञान समजावत होता. पाव तास झाला, तास झाला, कोणी जाईना. दोन अंगणं पलीकडून तिथले यजमान आपले पाहुणे शोधत आले आणि तेही थांबले. बायका केक घेऊन कठड्यावर बसल्या आणि हसून हसून लाल झाल्या. हेडी स्पँगलर एका हातात केकची बशी आणि दुसऱ्या हातात पट्टी घेऊन आली आणि पट्टी कुठे खोचायची हे विसरून बघत राहिली.

वेंडेल कडेला उभा होता. लोक थांबले होते, अंगण भरलं होतं, पण त्याला वाईट वाटत होतं. त्याचा नट आता साऱ्या गावाचा झाला होता आणि त्याच्या एकट्याच्या हातून काहीच झालं नव्हतं. तेवढ्यात पांढऱ्या फ्रॉकमधली ब्रिटा त्याच्याजवळ आली.

"बाबा, तुम्ही सगळे उजवीकडे का ओढताय?"

"उलटे आटे असतात. डेलकाका म्हणाला."

"मग चार दिवसांत तो सुटायला नको होता?"

 वेंडेल विमेवाला होता. चार दिवसांत त्याने एकदाही साक्षीदाराची उलटतपासणी केली नव्हती.

"थांबा!" तो ओरडला. साऱ्यांनी मागे बघितलं. "डेल, तू कधी असा नट स्वतः काढलायस का?"

डेलने बिअरचा डबा खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि म्हणाला, "तसा प्रसंग आला नाही."

"किती यंत्रांचा बघितलायस?"

"बघितलाय असं नाही... ऐकलंय."

"कोणाकडून?"

"माझ्या भावाकडून," डेल म्हणाला. "ज्याची दहाची सगळी हरवतात तो."

 मग वेंडेल ऑफरमानने आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय दिला. "डावीकडे."

पण साऱ्या गावाने चार दिवस आवळलेला नट असा कसा ऐकणार? पाइप आखूड पडला. ब्रिटाने व्हॉलीबॉलच्या जाळीचा खांब उपटून आणला आणि पाइपवर सरकवला. खांबाला डेल लागला, गॉर्डी लागला, पलीकडचे यजमान लागले. हेडीने बशी लोर्नाकडे दिली, पट्टी पट्ट्यात खोचली आणि तीही लागली. अगदी टोकाला, जिथे जोर सगळ्यात जास्त पडतो तिथे, वेंडेल आणि ब्रिटा उभे राहिले.

"एक, दोन..." तीन म्हणायच्या आतच नट किंकाळी फोडून सुटला आणि पंचवीस माणसं गवतात उताणी पडली.

 मग गवतातून हेडीचा आवाज आला. "सहा इंचांचं असतं तर माझी कंबर मोडली असती."

सगळे पडल्या जागी हसत होते. वेंडेलने नवं रॅचेट ब्रिटाच्या हातात दिलं. तिने कळ डाव्या अंगाला केली आणि कर्र कर्र कर्र करत नट हातात काढून दिला. "भारी आहे हे!" ती म्हणाली.  वेंडेलला फार म्हणजे फार आनंद झाला.

गॉर्डीने गॅरेजमध्ये पात्याला धार लावली. हेडी गॅरेजकडे पाठ करून उभी राहिली. "मला इथून काही दिसत नाही," तिने जाहीर केलं. पातं बसवून वेंडेलने टॉर्क पाना लावला आणि टक् वाजताच हात सोडला. मग तो यंत्रावर बसला, साऱ्या गावाने टाळ्या वाजवल्या आणि पहिला पट्टा हिरवागार, सरळ, मऊ कापला गेला.

दुसऱ्या पट्ट्याच्या मध्यावर यंत्राच्या पोटात ठण्ण वाजलं. मग खडखड. मग यंत्र बंद पडलं.

डेल धावत गेला, गवतात वाकला आणि काहीतरी दोन बोटांत धरून हळूहळू उभा राहिला. वाकडं, चेपलेलं, पण ओळखू येण्यासारखं. "दहाचं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. सापडलेलं."

वेंडेल तसाच बसून राहिला. पात्याचा निकाल लागला होता हे त्याला बघायची गरज नव्हती. आता ब्रिटा काय विचारणार हेही त्याला माहीत होतं. त्याने मान खाली घातली आणि वाट बघितली.

ब्रिटाने फ्रॉक गुडघ्यांपर्यंत खोचला आणि गवतात मांडी घालून बसली.

"बाबा," ती म्हणाली, "सात-अष्टमांश दे इकडे."